आमच्या प्रार्थनासभेत अमेरिकेची निवडणूक चालते, जातगणतीचा रकाना चालत नाही. हे काय गौडबंगाल?

खानापूरचा मास्तर:

जय ख्रिस्त आणि नमस्कार, दोन्ही. ज्याला जे चालेल ते घ्या.

खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत मी शिकवतो. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, मूळचे मेथॉडिस्ट. गेली अकरा वर्षं मात्र आम्ही एका घरगुती मंडळीत जातो. पत्र्याची उघडी शेड, चाळीसेक माणसं, एक कीबोर्ड, एक ढोलकी, आणि उपासना संपली की कागदी कपातला चहा. माणसं चांगली आहेत हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून गैरसमज व्हायचा. आई गेली तेव्हा याच लोकांनी आठ दिवस आमच्या घरात चूल पेटू दिली नाही, डबे येत राहिले.

तर झालं असं. २०२४ साली नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंडळीत तीन दिवसांची उपवास-प्रार्थना लागली. कशासाठी? अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीसाठी. पांढऱ्या चादरीवर प्रोजेक्टर, त्यात कुणी अमेरिकन पास्टर, त्याच्या मागे त्यांचा झेंडा. आमच्यातला एक भाऊ वाक्यावाक्याचं मराठी करून सांगत होता. 'पेनसिल्व्हेनिया' म्हणताना त्याची जीभ अडखळायची, पण डोळ्यांतलं पाणी खरं होतं. बेळगावच्या पलीकडे फार तर मिरज बघितलेल्या तीन म्हाताऱ्या हात वर करून पेनसिल्व्हेनियासाठी रडल्या. मीही गुडघ्यावर होतो, खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात १ नोव्हेंबर, कर्नाटकाचा स्थापना दिवस, सीमाभागातली मराठी माणसं तो काळा दिन म्हणून पाळतात. आमच्या युवक संघातली दोन पोरं काळ्या दिनाच्या सायकल फेरीत, एक पोरगा राज्योत्सवाच्या मिरवणुकीत डीजेपुढे. रविवारी तिघं एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून. कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही, कारण 'मंडळीत राजकारण नको'.

आता २०२५ चं. सप्टेंबरात कर्नाटक सरकारची जातगणती आली. सरकारी नाव सामाजिक आणि शैक्षणिक सर्वेक्षण, पण तसं कुणी म्हणत नाही. २२ सप्टेंबरला सुरू झाली, दसऱ्याची सुट्टी गेली, आम्ही शिक्षक सगळे दारोदार. दारावर वीज मीटरवाल्यांनी चिकटवलेला नंबर, हातात ॲप, ॲपात ६० प्रश्न, आणि प्रश्न कानडीत. मराठी गल्लीत शिरलो की लोक माझ्या बोटाकडे बघायचे. 'मातृभाषा मराठीच दाबलंत न्हवं मास्तर? दाखवा बघू.' ख्रिस्ती घरात धर्माचा प्रश्न आला की वेगळीच गंमत. घरधनी आधी दार लोटून घ्यायचा, मग आवाज खाली आणायचा, मग बायकोकडे बघायचा.

पेपरात वाचलं असेलच. यादीत जातीच्या नावाला ख्रिश्चन जोडलेली नावं होती, त्यावरून गदारोळ झाला, आणि त्यातली ३३ नावं ॲपमधून दिसेनाशी केली. काय सांगायचं, सांगितलं तर जातीच्या दाखल्याचं काय होणार, याने आमची माणसं गांगरली. मी पाळकांना म्हटलं, उपासनेनंतर दहा मिनिटं द्या, समजावून सांगतो, माझं कामच आहे ते. पाळक हात जोडून म्हणाले, 'मास्तर, राजकारण मंडळीत नको.'

पेनसिल्व्हेनिया चालतं आणि आमच्याच दारावरचा नंबर राजकारण!

माझे प्रश्न दोन. तो व्हिडिओतला पास्टर सारखा 'आम्ही इव्हँजेलिकल' म्हणत होता आणि आमचा भाऊ त्याचं 'आम्ही सुवार्तिक' करत होता. आमच्याकडे सुवार्तिक म्हणजे सायकलला पिशवी अडकवून बाजाराच्या दिवशी पुस्तिका वाटणारा माणूस. माझे आजोबा तेच करत. तो पास्टर आणि माझे आजोबा एकाच जातकुळीचे का? आणि दुसरं, पाळकांना न दुखावता हा विषय काढायचा कसा? आमच्या मंडळीतल्या बऱ्याच घरांनी धर्माच्या रकान्यात काय सांगितलं ते मला माहीत आहे, आणि तो व्हिडिओचं मराठी करणारा... जाऊ दे.


कॅम्पातला म्हातारा:

मास्तर, शब्द एक, माणसं दोन.

सुवार्ता या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलं. जर्मनीत 'इव्हँजेलिश' म्हणजे साधा प्रोटेस्टंट. धारवाड-गदगकडे बासेल मिशनचे लोक आले ते त्या भाषेतून. इंग्रजीत अर्थ अरुंद झाला. डेव्हिड बेबिंग्टन या ब्रिटिश इतिहासकाराने १९८९ साली चार खुणा सांगितल्या, त्या अजून चालतात. माणसाचा नवा जन्म झाला पाहिजे, पवित्र शास्त्र सगळ्यांत वर, वधस्तंभ मधोमध, आणि स्वस्थ बसायचं नाही. तुमच्या आजोबांची सायकल ही चौथी खूण. या चारांत मतपेटी कुठे सापडते का बघा.

मतपेटी मागून आली. १९७६ साली जिमी कार्टर निवडून आले. बाप्टिस्ट, रविवारच्या शाळेत शिकवणारा माणूस, आपला नवा जन्म झालाय हे उघड सांगणारा. त्या वर्षाला 'न्यूजवीक'ने इव्हँजेलिकलांचं वर्ष म्हटलं. चारच वर्षांनी बहुतेक गोऱ्या इव्हँजेलिकलांनी त्याच कार्टरना सोडून रेगनना मतं दिली. मध्ये जेरी फॉलवेल नावाचे व्हर्जिनियाचे पाळक होते, त्यांची गोष्ट मजेची आहे. १९६५ च्या मार्चमध्ये, कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी सेल्माचे मोर्चे निघत होते तेव्हा, यांनी उपदेश केला की पाळकाचं काम आत्मे जिंकायचं, राजकारणी व्हायचं नाही. १९७९ साली याच गृहस्थांनी 'मॉरल मेजॉरिटी' नावाची संघटना काढली आणि गावोगावच्या पाळकांना राजकारणात ओढलं. तुमचे पाळक १९६५ मध्ये आहेत आणि तुमचा प्रोजेक्टर १९७९ मध्ये, एवढाच घोटाळा आहे.

हे सगळं गर्भपातामुळे झालं असं सांगतात. ते अर्धं खरं. १९७१ साली खुद्द सदर्न बाप्टिस्टांनीच, म्हणजे तिथल्या सगळ्यांत मोठ्या प्रोटेस्टंट पंथाने, ठराव केला होता की बलात्कार किंवा आईच्या आरोग्याला धोका अशा प्रसंगी कायद्याने मुभा असावी. काही इतिहासकार पहिली ठिणगी दुसरीकडे दाखवतात. वर्णभेद पाळणाऱ्या ख्रिस्ती शिक्षणसंस्थांची करसवलत सरकार काढून घेऊ लागलं, तिथे. सदर्न बाप्टिस्ट १८४५ साली वेगळे झाले तेच मुळी गुलामगिरीच्या भांडणातून. माफी मागितली १९९५ साली. दीडशे वर्षं लागली. प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीचा, पेला कुठल्या वाड्यातल्या माणसाच्या ओठाला आधी लागायचा यावरून झालेली भांडणं माझ्या आजीने पाहिलेली. त्याची माफी कुणी मागितल्याचं माझ्या कानावर नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं सवडीने लिहितो. नातू फोन मागतोय.


मिरजेची लेक, ह्यूस्टन:

मास्तर, मी मिरजेत नर्सिंग केलं, आता सोळा वर्षं इथे. तुमच्या चादरीवर दिसला तसा झेंडा मी दर रविवारी व्यासपीठावर बघते. पहिली दोन वर्षं मला तो फुलदाणीसारखाच वाटायचा.

२०१६ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकलांतल्या दहापैकी आठांनी ट्रम्पना मत दिलं, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यातला 'गोऱ्या' हा शब्द मराठी करताना गळतो बघा. माझ्याबरोबर रात्रपाळीला एक कृष्णवर्णीय सिस्टर असते. स्तोत्र ९१ तिला तोंडपाठ, पेशंटच्या उशाशी म्हणते. कॅम्पातल्या आजोबांच्या चारही खुणा तिच्यात मोजून घ्या. पण तिला इव्हँजेलिकल म्हटलं की हसते. 'तो शब्द आमचा नाही गं.' त्यांच्या मंडळ्यांची मतं बहुतांशी उलट्या पक्षाला जातात. बायबल तेच, वधस्तंभ तोच.

उलट आमच्या घरासमोर एक आजोबा आहेत. अंगणात पक्षाची पाटी, गाडीच्या मागे ख्रिस्ती माशाचं चिन्ह, आणि रविवारी सकाळी खऱ्या माशांमागे तळ्यावर. मंडळीत मी त्यांना सोळा वर्षांत दोनदा बघितलं, दोन्ही वेळा मयतीला. ते मात्र स्वतःला छातीठोकपणे इव्हँजेलिकल म्हणवतात. एकटे नाहीत ते. २०२१ मध्ये प्यू संशोधन केंद्राने दाखवलं की आधी हे नाव न लावणारे, पण ट्रम्पना मानणारे कितीतरी गोरे लोक २०१६ ते २०२० च्या दरम्यान ते लावू लागले.

आणि ज्यांनी आयुष्यभर हे नाव लावलं त्यातले काही ते काढून ठेवतायत. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थी संघाने २०१७ मध्ये नावातला 'इव्हँजेलिकल' काढून नुसतं 'ख्रिश्चन' ठेवलं. अमेरिकेचे नावाजलेले उपदेशक बिली ग्रॅहॅम यांनी १९५६ साली काढलेलं 'ख्रिश्चॅनिटी टुडे' मासिक, त्याचे संपादक मार्क गॅली यांनी डिसेंबर २०१९ मध्ये लिहिलं की ट्रम्पना पदावरून काढावं. दोनशेच्या आसपास पुढाऱ्यांनी लगेच निषेधाचं पत्र पाठवलं. बेथ मूर म्हणून बायकांना बायबल शिकवणारी प्रसिद्ध बाई, तिने २०२१ मध्ये सदर्न बाप्टिस्ट सोडले. आमच्या स्त्रियांच्या गटात तिच्या पुस्तिका चालायच्या. एका रविवारी कपाट उघडलं तर तिथे पाककृतीची वही. कुणी काढल्या, का काढल्या, कुणी कुणाला विचारलं नाही. तुमच्या शेडमध्ये असतं तसंच गप्पपण.


अथणीचा भाऊ:

ख्रिस्तात सप्रेम सलाम. मास्तर, तुमचं लिहिणं वाचून वाईट वाटलं, ते सांगतो.

राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं तीमथ्याला लिहिलंय. त्यात कुठल्या देशाचा राजा हे लिहिलेलं नाही. म्हाताऱ्या परक्या मुलखासाठी रडल्या यात हसण्यासारखं काय आहे? तुमच्या आजोबांच्या पिशवीतल्या पुस्तिका कुणाच्या पैशाने छापल्या होत्या? मेथॉडिस्ट मिशन अमेरिकेचंच होतं. तिथल्या कुठल्यातरी म्हातारीने खानापूर हे नाव अडखळत घेऊन प्रार्थना केली असेल, तेव्हा तिला कुणी हसलं असेल का?

२०२१ च्या डिसेंबरात कर्नाटकात धर्मांतराविरुद्धचा कायदा येणार म्हणून आम्ही घरातल्या प्रार्थना बंद केल्या होत्या. शेजारपाजारचे रोज बोलणारे लोक बोलेनात. त्या वेळी अमेरिकेतल्या एका छोट्या मंडळीने व्हिडिओ कॉलवर रात्रभर आमच्याबरोबर प्रार्थना केली. त्यांनी कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही. उद्या त्यांनी निवडणुकीसाठी प्रार्थना करा म्हटलं तर मी करणार. आणि एक सांगा, तुमच्या चादरीवर कार्टर असते तर तुम्ही हा धागा काढला असता का?

शेवटचं. गणक म्हणून दाराआड कानावर पडलेलं तुम्ही इथे अर्धं लिहून 'जाऊ दे' म्हणता. माहिती गुप्त राहील या भरवशावर लोकांनी तुम्हाला सांगितलं होतं. तुमच्या मंडळीतलं कुणी हे वाचत असेल तर? आणि दुसऱ्यांचे रकाने उघडण्याआधी तुमचा सांगा की. तुमची नोकरी कुठल्या प्रवर्गातली?


खानापूरचा मास्तर:

अथणीकर भाऊ, ते अर्धं वाक्य मी लिहायला नको होतं. खोडायची सोय नाही, म्हणून माफी मागतो. कार्टर असते तर मी बहुतेक गप्प बसून चहा प्यायलो असतो. तेही कबूल.

माझा रकाना सांगतो. माझी नोकरी प्रवर्ग १ मधली, म्हणजे कर्नाटकातल्या मागासवर्गांच्या पहिल्या गटातली. आजोबा निपाणीकडच्या एका गावच्या महारवाड्यातले. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना कर्नाटकात प्रवर्ग १ मध्ये घातलंय, तो दाखला माझा. वडिलांनी मला शाळेत घातलं तेव्हा धर्म ख्रिस्ती असं लिहिलं. धाकट्याच्या वेळी वडील आजारी, त्याला मामाने आपल्या गावच्या शाळेत घातलं आणि लिहिलं हिंदू महार. एका आईचे दोन भाऊ, दोन दाखले. त्याला विचारून हे लिहितोय, तो म्हणाला लिही.

कायदा साधा आहे आणि त्यातच सगळी गोम आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने, काही थोड्या शीख जाती सोडल्या तर, अनुसूचित जातीचा माणूस फक्त हिंदू असू शकत होता. १९५६ मध्ये बाकीचे शीख घेतले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग यावर नेमला. हे सगळं मी शाळेत नागरिकशास्त्रात शिकवू शकतो. मंडळीत नाही.

माझा भाऊ गेली वीस वर्षं पहाटे साडेचारला उठून शास्त्र वाचतो. दारू सोडली ती प्रार्थनेने. शेजारचं पोर आजारी पडलं तर आधी हा जातो. बाप्तिस्मा मात्र नाही, कारण एक रजिस्टर, एक सही, आणि त्याच्या मुलीची शिष्यवृत्ती. प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांचं, ते सुरू झालं की हा उठतो आणि बाहेर जाऊन लोकांच्या चपला जोडीने लावत बसतो. सगळ्यांना वाटतं नम्र माणूस आहे. नम्र आहेच तो, पण उठतो त्याचं कारण ते नाही.

मिरजेच्या ताई, तुमच्या समोरचे आजोबा इव्हँजेलिकल आणि माझा भाऊ कुणीच नाही. तुमच्याकडे मंडळीत पाऊल न टाकता नाव मिळतं. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा येणाऱ्याला ते घेता येत नाही. मला त्या व्हिडिओचा राग येतो तो इथे. 'आमच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे' असं तो पास्टर म्हणाला तेव्हा सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि बाहेर चपलांचा आवाज येत होता.

आणि तो २०२१ चा कायदा. विधानसभेत मंजूर झाला तो आपल्या बेळगावात, सुवर्णसौधमध्ये, २३ डिसेंबरला, नाताळला दोन दिवस असताना. धर्म बदलायचा तर जिल्हाधिकाऱ्यांना तीस दिवस आधी कळवा, अनुसूचित जातीच्या माणसाचं सक्तीने धर्मांतर केलं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. भाऊ, तुमच्या त्या अमेरिकन मंडळीचं ऋण मी मानतो. पण त्या रविवारी आमच्याकडे कायद्याचं नावही न घेता 'आलेलं संकट' एवढंच म्हणून प्रार्थना झाली. संकटाला नाव असेल तर ते घ्यायला काय हरकत आहे? पेनसिल्व्हेनियाचं घेतलं की.


शहापूरचा मावळा:

मास्तर, बाकी तुमचं तुम्ही बघा, मराठी लिहिलंत यात आलं सगळं. पण राग मानू नका, एक विचारतो. धर्म परका घेतला की माणूस सीमाप्रश्नात किती दिवस आपला राहणार? आज मोबाईलवर इंग्रजी पास्टर आलाय, उद्या कानडी उपासना येईल.


कॅम्पातला म्हातारा:

मावळे, कानडी उपासना येणार नाही, आलेलीच आहे. आमच्याकडे एकाच छपराखाली मराठी वेगळी, कानडी वेगळी, इंग्रजी वेगळी, आणि तिन्हींच्या मंडळींचं नाताळच्या मांडवाच्या खर्चावरून भांडण. भांडायला भाषा लागत नाही.

परक्याचं म्हणाल तर बेळगावात मिशन सुरू झालं १८२० साली. बाबा पदमनजी १८३१ साली याच गावात जन्मले, मिशनच्या शाळेत शिकले, १८५४ साली इथेच बाप्तिस्मा घेतला. मराठीतली पहिली म्हणून जिचं नाव घेतात ती कादंबरी त्यांनी तीन वर्षांनी लिहिली. मराठी कादंबरीचा एक पाय आपल्या गावच्या बाप्तिस्म्यात आहे, हे एकीकरण समितीच्या व्यासपीठावरून सांगाल तर टाळ्या वाजवायला मी येतो.

मास्तर, तुमच्या भावाचं वाचून कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आठवले. बाप्तिस्मा १८९५ चा, त्यानंतर अभंगात ख्रिस्त गायले. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांना जागा. दोनच वर्षांत टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण तुमच्या भावाला चपलांपाशी बसवायचं नाही, असं एका मराठी ख्रिस्ती माणसाने शंभर वर्षांपूर्वी ठरवलं होतं.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. पाळकांपुढे राजकारण हा शब्द काढू नका. लोझान म्हणा. १९७४ साली बिली ग्रॅहॅम यांच्या पुढाकाराने १५० देशांतले इव्हँजेलिकल तिथे जमले. लॅटिन अमेरिकेतल्या पादिया आणि एस्कोबार या दोघांनी सगळ्यांना धारेवर धरलं की नुसते आत्मे मोजता, माणसाच्या पोटाचं आणि अन्यायाचं काय? जॉन स्टॉट या इंग्रज पाळकांनी जाहीरनाम्याचा मसुदा केला, त्याच्या पाचव्या कलमात पश्चात्ताप आहे. सुवार्ता आणि समाजाची काळजी या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं आम्ही कधीकधी मानलं, याचा. तो वाचून दाखवा. बिली ग्रॅहॅमच्या नावाला तुमचे पाळक नाही म्हणणार नाहीत.


खानापूरचा मास्तर:

काल रविवार झाला, म्हणून लिहितो.

उपासनेआधी पाळकांना ते पाचवं कलम मराठी करून वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं. मग विचारलं, 'हे लोझान कुठं आलं?' म्हटलं, स्वित्झर्लंडात. 'असं होय. मग घ्या की दहा मिनिटं.'

गणती संपून महिना होत आला, म्हणजे वरातीमागून घोडं. तरी उभा राहिलो. १९५० चा आदेश, प्रवर्ग १ म्हणजे काय, कुठला दाखला कशाने रद्द होतो, सगळं फळ्यावर शिकवतो तसं सांगितलं. कुणाचं नाव नाही, कुणाचा रकाना नाही. व्हिडिओचं मराठी करणारा भाऊ खाली बघून कीबोर्डची वायर गुंडाळत होता. त्याच्याबद्दल मी जे अर्धं लिहिलं होतं ते त्याने वाचलंय की नाही, मला कळलं नाही.

मग सगळ्यांत म्हातारी आत्या, पेनसिल्व्हेनियासाठी रडलेल्या तिघींतली, बसल्या जागेवरून म्हणाली, 'मास्तर, मला काय लिवलास रे?'

म्हटलं, आत्या, ते असं चारचौघांत सांगता येत नाही.

'न्हाई कसं? माझंच हाय न्हवं? मी दोन्ही सांगितलो होतो. बाबासाहेबाचं पण सांगितलो, येशूचं पण सांगितलो. तू एकच दाबलास. मी बघितलो.'

ॲप एकच घेतं, म्हटलं. ती म्हणाली, 'मग तुझं ॲप लहान हाय.' पोरं हसली. पाळकही हसले, पण जरा उशिरा.

चहाच्या वेळी तिघं जण माझ्याकडे वेगवेगळे आले, दाखल्याचंच विचारायला. कोण ते, अथणीकर भाऊ, या वेळी लिहीत नाही. आमच्या शेडला दार नाही, तरी प्रत्येकाने बोलण्याआधी मागे वळून बघितलं.

प्रभुभोजन काल नव्हतं, ते पुढच्या रविवारी आहे. भावाला टिळकांच्या दरबाराचं सांगितलं. तो म्हणाला, 'बरं आहे की. पण चपला कोण लावणार मग?' पुढच्या रविवारी पाळकांनी मला अजून दहा मिनिटं दिलीत. प्रोजेक्टर मिळेल का विचारलं, तर म्हणाले, बघू.